विहिरीतल्या बाईचा हिशोब कोण करते?

मागच्या आठवड्यात गावच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटला, शेतकरी आत्महत्या सरकारी मदतीला पात्र किती अन् अपात्र किती, ती एक लाखाची मदत कोणाला भेटली, आणि एकानं तर चक्क लिहिलं की लोक पैशासाठी जीव देतात. इकडं इंग्लंडातल्या लीड्समध्ये रात्रीचे दोन वाजले होते, मला झोपच नाही आली.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर म्हणून बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर होती, पीएमची, म्हणजे शवविच्छेदनाची ड्युटीही माझ्याकडंच. बाहेर चर्चा फक्त विष पिलेल्या शेतकऱ्याची, पण टेबलावर श्वासावरोधाचे मृत्यूही सारखे यायचे, म्हणजे गळफास, बुडणं, कधी गळा आवळलेला. देशातल्या शवविच्छेदनाच्या अभ्यासांतही हेच चित्र वारंवार दिसते: गळफास सगळ्यात जास्त, मग बुडणं, वय बहुतेक विशी-तिशीचं, एकूण पुरुष जास्त, पण गळा आवळून मारलेल्यांमध्ये बाया ठळक दिसतात. २०२१ च्या एनसीआरबी, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात देशात १,६४,०३३ आत्महत्या आहेत, त्यात गृहिणी २३,१७९ आणि शेती क्षेत्रातले सगळे मिळून १०,८८१. आता ती गृहिणी सकाळी निंदायला अन् दुपारी कापूस वेचायला जात असेल तरी कागदावर गृहिणीच ना! रोजमजूर तर ४२,००४. पात्र-अपात्रच्या भांडणात यांचं नावच निघत नाही, मक्त्यानं शेत करणाऱ्याचंही नाही.

एक केस डोक्यातून जात नाही. चोवीस-पंचवीस वर्षांची बाई, शेतातल्या बिनकठड्याच्या विहिरीतून काढलेली. पोलिसांनी मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल केला, पंचनामा झाला, घरचे म्हणे पाणी काढताना पाय घसरला. तिचा भाऊ बाहेर बाभळीखाली बसून होता, मला म्हणे, "मॅडम, पडली का ढकलली, येवढं तरी सांगा नं." मी काय सांगणार? बुडाली हे शरीर बऱ्याचदा सांगते, पण पडली, उडी मारली की ढकलली हे नुसत्या शरीरावरून ठरत नाही, त्यासाठी घर, विहीर, शेजारी, आधीची भांडणं सगळं तपासावं लागते. लग्नाला सात वर्षं झाली नसती तर दंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी झाली असती, कायद्यातच आहे तसं. तिच्या लग्नाला आठ झाली होती.

इथं इंग्लंडात अनैसर्गिक मृत्यू कॉरोनरकडं, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडं जातो, सुनावणी सगळ्यांसमोर होते, घरचे लोक स्वतः प्रश्न विचारू शकतात, आणि असे मृत्यू टाळता येतील असं कॉरोनरला वाटलं तर तो संबंधित संस्थेला लिहितो अन् त्यांना ५६ दिवसांत उत्तर द्यावं लागते. हे सगळं छान आहे असं नाही, लोक महिनोन् महिने थांबतात. पण इथं आत्महत्येचा प्रयत्न १९६१ पासून गुन्हा नाही, म्हणून घरच्यांना ती भीती नाही. आपल्याकडं आत्महत्येच्या प्रयत्नाचं ३०९ कलम जुलै २०२४ मध्ये नव्या संहितेसोबत गेलं, पण पोलिसांची धास्ती काय कलमासोबत जाते का? लोक अजून "पाय घसरला" हेच लिहवतात, मग आकडा अपघातात जातो आणि त्या गावात एकाच वर्षात तिसरी सून विहिरीत गेली हे कोणालाच दिसत नाही.

माझं म्हणणं इतकंच की ही सात वर्षांची रेघ काढून टाका, तरुण बाईच्या प्रत्येक मर्गची चौकशी तहसीलमध्ये उघडी होऊ द्या, माहेरच्यांना समोर बसून विचारू द्या, आणि तालुक्याचे पीएमचे आकडे वय, लिंग, गावासकट दरवर्षी कोणीतरी एकत्र मांडा. कागद आहेतच, कपाटात पडून आहेत.

तो भाऊ कागदाचं पुढं काय झालं विचारायला दोनदा आला होता. तिसऱ्यांदा आला तेव्हा माझा बाँड संपला होता, मी तिथं नव्हती, हे मला नर्सताईनं फोनवर सांगितलं.