हातमोज्यांविषयी फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

साताऱ्यातील मिठाई विक्रेत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या ‘कामगाराने कोणतेही हातमोजे घातले की कायद्याची पूर्तता होते, मग वारंवार हात धुण्याची गरज नाही’ असा संदेश फिरत आहे. हे म्हणणे चुकीचे आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 खालील 2011 च्या परवाना व नोंदणी विनियमांच्या अनुसूची 4 मध्ये हातमोज्यांचा उल्लेख आहे. परंतु हात धुण्याची अपेक्षा तिथेच वेगळी नोंदवलेली आहे आणि मोजे घातल्याने ती रद्द होत नाही.

खरा प्रश्न मोज्यांच्या दर्जाचा आहे. कंदी पेढे वळताना पातळ पॉलिथिनचा मोजा कोमट खव्याला चिकटतो, बोटाच्या टोकाशी ताणून फाटतो आणि आत साचलेल्या घामाबरोबर त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस जिवाणू त्या फटीतून पेढ्यात उतरू शकतात. (निळे मोजे वापरतात ते उगीच नव्हे, तुकडा पडलाच तर खव्यात चटकन दिसतो.) सैल, सतत निसटणारा मोजा कामगार दुपारपर्यंत काढून ठेवतो किंवा त्याच मोज्याने नोटा मोजतो, आणि मालकाने स्वस्तातला माल आणला म्हणजे स्वच्छता केवळ तपासणीपुरती आहे, असा अर्थ काढतो, माझ्या मते मोठे नुकसान होते ते इथे. अन्नाशी संपर्कासाठी बनवलेले, मापाचे नायट्राइल (एक प्रकारचे कृत्रिम रबर) मोजे महाग पडतात हे मान्य; मात्र तेही फाटल्यावर, काम बदलल्यावर किंवा पैसे हाताळल्यावर टाकून द्यावेत आणि नवे घालण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत.