मोज्यात मिरची नको, पाय कोरडे ठेवा

दोन हिवाळे झाले, एक मेसेज आमच्या भागात फिरतोय. यंदा मार्गशीर्ष लागल्यापासून तो मला भावकीच्या गटातून आला, दूध सोसायटीच्या गटातून आला, माहेरच्या आणि सासरच्याही गटातून आला. नाव आहे ‘शिकाऱ्यांचं गुपित : कडाक्याच्या थंडीत रात्रभर पाय गरम’. खाली सात उपाय आहेत. एकावर एक तीन मोजे चढवा. मोज्यात मिरचीपूड टाका. पाय प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. बसण्याआधी दोन घोट घ्या. पाय बधीर झाले तर थेट आगटीवर धरा. खोपीत निखाऱ्याची शेगडी ठेवून दार लावून घ्या. आणि डोकं बांधा, कारण अंगातली सत्तर टक्के उष्णता डोक्यातून जाते. शेवटी ‘राखणीला जाणाऱ्या प्रत्येक शेतकरी बांधवापर्यंत पोचवा’.

मेसेज बर्फाळ देशांतल्या शिकाऱ्यांच्या नावावर खपवलाय. तिकडे माणसं हरणाची वाट बघत तासन्‌तास एका जागी हलल्याशिवाय बसतात, आणि सगळ्यात आधी पाय गारठतात, हे खरं आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली. तरी रात्रभर गारठ्यात एका जागी बसणं काही बंद झालेलं नाही. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात उसाला आणि रताळ्याला डुकरं येतात, गवे येतात. त्यांना मारायचं नसतं, हाकलायचं असतं, आणि त्यासाठी कुणीतरी शेतातल्या उंच माळ्यावर जागं राहावं लागतं. शिवाय पंपाची थ्री फेज लाईट रात्रीचीच आली तर पाणीही रात्रीच पाजावं लागतं. म्हणून हा मेसेज आमच्या माणसांनी मनावर घेतला. माझ्या आप्पांनीही घेतला, आणि त्यातला एक उपाय करून बघितला. त्याचं पुढं सांगते.

आधी आपली थंडी कसली आहे ते बघूया. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा बहुतेक बारा ते पंधरा अंशांच्या आसपास असतो, एखाद्या लाटेत दहाच्याही खाली उतरतो. पायाची बोटं गोठून काळी पडायला तापमान शून्याच्या खाली जावं लागतं, तेवढं आपल्याकडे होत नाही. पण पायाला दुसरा एक धोका आहे, आणि त्याला बर्फ लागत नाही. १९१४-१५ च्या हिवाळ्यात फ्रान्स आणि बेल्जियमच्या खंदकांत सैनिक चिखलपाण्यात दिवसचे दिवस उभे राहिले. त्यांचे पाय न गोठताच सुजले, बधीर झाले, सडले. पाय सतत ओला राहिला तर हे पंधरा अंशांच्या गारठ्यातही होऊ शकतं. त्या शिकाऱ्यांची थंडी कोरड्या बर्फाची. आपली थंडी दहिवराची, पाटाच्या पाण्याची, गमबुटात साचलेल्या घामाची.

आता एकेक उपाय घेते.

‘एकावर एक तीन मोजे.’ ऊब मोज्यात नसते, मोज्याच्या धाग्यांत अडकलेल्या हवेत असते. बुटात जागा नसताना तिसरा मोजा कोंबला की ती हवा दाबून निघून जाते. पाय आवळला जातो आणि बोटांपर्यंत रक्त नीट पोचत नाही. पायाला स्वतःची शेगडी नाही, त्याची सगळी ऊब रक्तातूनच येते. रक्त अडलं की मोजे कितीही घाला, बोटं गारच. बूट घातल्यावर आत बोटं मोकळी हलली पाहिजेत. हलत नसतील तर एक मोजा कमी करा.

मोजा कशाचा आहे हे तर मेसेजमध्ये कुठंच नाही, आणि खरी गोष्ट तिथंच आहे. आपण घालतो ते सुती मोजे, दुकानात दहाच्या गठ्ठ्यात मिळणारे. सुती मोजा घाम पितो, ओला होऊन पायाला चिकटतो आणि तसाच राहतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगानं उष्णता ओढून नेतं. लोकर मात्र स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल आत घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. धनगराची घोंगडी दहिवरात भिजली तरी आत ऊब राहते, ते याच गुणामुळं. आजोबांची घोंगडी आमच्या माळ्यावर अजून आहे. वरून हात लावला तर पहाटे ओलसर असते, आत पाय घातला तर सुकी.

माझे काका मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झाले, बर्फातल्या चौक्यांवर राहून आलेत. मोज्यांचा मेसेज मी त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “तीन जोड हवेतच. पण एक पायात, एक पोटाशी, एक पिशवीत.” पोटाशी म्हणजे शर्टाच्या आत, अंगाला लागून. अंगाच्या उबेनं तो जोड सुकतो आणि घालायला तयार राहतो. पायातला ओला झाला की तो पोटाशी जातो.

काकांनी आणखी एक सांगितलं, आणि माझ्या मते मुरलेल्या शिकाऱ्यांचं खरं गुपितही तेच आहे. जागेवर पोचेपर्यंत हलकं जायचं. सगळं घालून, गमबूट चढवून, खांद्यावर बॅटरी आणि डबा घेऊन दीड किलोमीटर चाललात की पाय घामानं भिजतोच. मग माळ्यावर बसलात की तोच घाम वाळू लागतो. एक ग्रॅम पाणी वाळायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, आणि ती तुमच्या पायातूनच जाते. म्हणून जाताना जुन्या वहाणा घालाव्यात, बॅटरीच्या उजेडात बघून पाय टाकावा, आणि वर चढल्यावर पाय पुसून लोकरीचा मोजा घालावा. अथणी-निपाणीकडच्या चामडी कोल्हापुरीला मी नावं ठेवणार नाही, वर्षभर माझ्या पायात तीच असते. पण ते चामडं दहिवर पितं. गवतातून चालायला ती नको.

‘मोज्यात मिरचीपूड.’ मिरचीतल्या तिखट द्रव्याचं नाव कॅप्सेसिन. आपल्या त्वचेतल्या ज्या मज्जातंतूंना साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णता कळते, त्यांनाच ते चेतवतं. हे शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे मिरची लावल्यावर पाय पोळतोय असं मेंदूला वाटतं, पण पाय मुळात तापलेलाच नसतो. ऊब म्हणावी असं त्यात काही नाही, उलट पाय खरंच गारठत असताना ते कळायचं बंद होतं. आणि आपल्याकडची मिरची म्हणजे संकेश्वरी. भेगाळलेल्या टाचेत, चिखल्या पडलेल्या बोटांच्या बेचक्यात ती गेली तर काय होतं, हे आमच्या वाड्यातल्या एका पोरानं मागच्या वर्षी अनुभवलंय. राखण सोडून तो ओढ्यात पाय बुडवून बसला. पौषातल्या रात्री, ओढ्याच्या पाण्यात.

प्लास्टिकच्या पिशवीचा उपाय पूर्ण खोटा नाही. गमबूट फुटलाय आणि तासाभराचंच पाणी पाजायचं आहे, तर मोज्यावरून पिशवी चढवावी, बाहेरचं पाणी आत येत नाही. पण रात्रभर बांधून ठेवली तर घामाला जायला वाट राहत नाही, आणि पहाटे पाय पाण्यातून काढल्यासारखा निघतो. रात्रभर भिजलेल्या वालासारखी सुरकुतलेली, पांढरी कातडी मी आप्पांच्या पायाची बघितली आहे. नखानं ओरबाडलं तर निघून येईल अशी.

‘बसण्याआधी दोन घोट.’ गोव्याची हद्द जवळ, त्यामुळं हा उपाय आमच्याकडे फार लोकप्रिय. दारू पोटात गेली की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात. आतलं गरम रक्त वर येतं आणि ऊब वाटते. पण ते रक्त बाहेरच्या गारठ्यात आपली उष्णता सोडून गार होऊन परत आत जातं. अंग आतून थंड होत जातं, आणि हुडहुडी भरून अंग स्वतःला गरम ठेवायचा जो प्रयत्न करतं, तोही मंदावतो. गाभा थंड झाला की शरीर आधी हातापायांचं रक्त तोडतं. म्हणजे पायासाठी घेतलेला घोट शेवटी पायालाच महागात पडतो. त्यातून माळा आठ-दहा फूट उंच, खाली गवा. मला यात विचार करण्यासारखं काही दिसत नाही.

मेसेजमध्ये विडी नाही, पण माळ्यावर ती असतेच, म्हणून तेही सांगते. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसतं, आणि बोटांतल्या आधी. विडी ओढल्यावर हात उबदार वाटतो तो काडीच्या जाळामुळं. पायाची बोटं त्या वेळी आणखी गार होत असतात.

आता आगटी. ‘पाय बधीर झाले तर थेट आगटीवर धरा’ हे वाक्य त्या मेसेजमध्ये सगळ्यात वाईट आहे, आणि मला हा लेख लिहायला लावला तो यानंच. माझे आप्पा सदुसष्ट वर्षांचे. बारा वर्षांपासून शुगर आहे आणि तळव्यांना पूर्ण जाण नाही. चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कधी कधी चार पावलं कळत नाही. मागच्या हिवाळ्यात उसाला पाणी पाजून रात्री दोनच्या सुमारास ते घरी आले. पाय बधीर होते. मेसेज वाचलेला होता. परड्यात आगटी पेटवून त्यांनी तळवे जाळाकडे केले आणि तसेच बसून राहिले. त्यांना ऊब लागेना, म्हणून पाय आणखी पुढे सरकवले. सकाळी मी मोजा काढायला गेले तर तो निघेना. अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड होता, आणि मोज्याचा धागा त्यात रुतला होता. मी कोमट पाणी घालून घालून तो सोडवला. आप्पा माझ्याकडे बघत विचारत होते, “काय झालंय गं?” त्यांना दुखतच नव्हतं. जखम भरायला शिवरात्र उजाडली.

बधीर पायाला किती गरम हे कळत नाही. मधुमेह नसलेल्याचंही गारठ्यानं तेच होतं, मग ज्याची जाण आधीच गेली आहे त्याचं काय होणार? गारठलेला पाय आधी कोरडा पुसावा, जोरानं चोळू नये, सुका लोकरीचा मोजा घालून घोंगडीत गुंडाळावा आणि अंग गरम करावं. चहा प्यावा, छाती-पोट झाकावं. पाय आपोआप जागा होतो, मुंग्या येतात, थोडं ठणकतं. कोमट पाण्यात घालायचाच असेल तर पाण्यात हात घालून दुसऱ्या माणसानं बघावं, ज्याचा पाय आहे त्यानं नव्हे.

शेगडीचा उपाय तर जीव घेणारा आहे. निखारे धुमसताना कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मग झोप येते, आणि थंडीच्या रात्री झोप आली याचं कुणाला नवल वाटत नाही. ताडपत्रीनं बंद केलेल्या खोपीत शेगडी ठेवून झोपू नये. शेकायचं असेल तर बाहेर, उघड्यावर, जागेपणी.

डोक्याचं थोडक्यात सांगते. डोकं म्हणजे अंगाच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा हिस्सा, आणि ते झाकलं नाही तर उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. सत्तर टक्के वगैरे काही नाही. मफलर बांधा, जरूर बांधा, पण त्याच्या भरवशावर पाय उघडे ठेवू नका.

आणि जे मेसेजमध्ये असायला हवं होतं ते नाही. पायाची बरीचशी ऊब खालून जाते, ओल्या जमिनीत, लोखंडी पायरीत. गोणपाटात भाताचं पिंजर, म्हणजे वाळका पेंढा, भरून पायाखाली घ्या. आमच्याकडे मळणी झाली की पिंजर फुकट पडलेलं असतं. कोरडं, पोकळ, हवेनं भरलेलं. मी स्वतः मागच्या महिन्यात चार रात्री त्यावर पाय ठेवून बसले. दर पंधरा-वीस मिनिटांनी टाचा उचलायच्या, बोटं आवळायची-सोडायची, पोटऱ्या हलल्या की रक्त चालतं. पिंजर ओलं झालं की दुसऱ्या दिवशी टाकून नवं भरायचं.

भावकीच्या गटातून तो मेसेज मी काढायला लावला. दूध सोसायटीच्या गटात अजून आहे. तुमच्याकडेही आला असेल, आणि घरातलं कुणी शुगरचं माणूस रात्री राखणीला किंवा पाणी पाजायला जात असेल, तर बाकीचं सावकाश सांगा. आगटीचं आणि शेगडीचं तेवढं आज संध्याकाळी, ते घरातून निघायच्या आधी सांगा.