राममोहन रॉय जयंती: आयोजकांसाठी काही सूचना

तुमच्या मंडळालाही २२ मेला राजा राममोहन रॉय यांची जयंती करायची असेल, तर आमच्या सोसायटीचा कित्ता गिरवा. यंदा वक्ता मीच होतो, तेव्हा माहिती पक्की आहे.

आधी फोटो. टेबलावर पांढरी चादर, झेंडूचा हार, काचेवर बरोबर कपाळाच्या जागी कुंकू, पुढे समई, उदबत्ती आणि नारळ. जो माणूस जन्मभर मूर्तिपूजेविरुद्ध भांडला, त्याची पूजा करताना मुळीच संकोच नको. कलकत्त्यात १८३० साली त्याच्या ब्राह्मो समाजाची प्रार्थनेची वास्तू उघडली, तेव्हा ट्रस्टच्या दस्तातच लिहून ठेवलं होतं की इथे मूर्ती नको, चित्र नको, तसबीर नको. तसबीरसुद्धा! हे मी खजिनदारांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "अहो, हाराचे दीडशे रुपये गेलेत."

एका मुलीकडून "थोर समाजसुधारक" असलेलं भाषण पाठ करून घ्या.

वक्त्याला मात्र आधीच बाजूला घेऊन सांगा, "सर, धर्मबिर्म नको हं. सतीचं बोला." म्हणजे तुकोबांवर बोला, पण विठोबा वगळून. अहो, या माणसाचं पहिलं गाजलेलं पुस्तक फारसीतलं, तेही एकेश्वरवादावर. पुढे केन, ईश, कठ ही उपनिषदं त्याने बंगालीत आणली, कारण ती मूठभर पंडितांच्याच ताब्यात होती. त्यावरून सनातनी चिडले. १८२० साली चमत्कार गाळून येशूची फक्त वचनं छापली, तेव्हा बंगालमधल्या श्रीरामपूरचे मिशनरी चवताळले. त्यांना त्याने एकामागून एक तीन लांबलचक उत्तरं दिली. घरात पुतण्याने मालमत्तेसाठी खटला भरला तो वेगळाच. आणि एवढं सगळं करून मरेपर्यंत गळ्यात जानवं! हे कोडं मला लोकांपुढे ठेवायचं होतं.

बरं, सती तर सती. ती तरी नीट सांगू द्या! १८१८ च्या पुस्तिकेत त्याने सतीच्या बाजूचा 'प्रवर्तक' आणि विरोधातला 'निवर्तक' यांचा संवाद लिहिला. समोरच्याला आधी बोलू दिलं, मग मनूचाच आधार काढून दाखवला की विधवेने जगायचं आहे. बंदीचा कायदा केला गव्हर्नर जनरल बेंटिंकने, ४ डिसेंबर १८२९ ला. राममोहनांनी तर त्याला सल्ला दिला होता की एकदम कायदा नको, पोलिसांकरवी गाजावाजा न करता अडचणी वाढवत न्या. कायदा झाल्यावर मात्र ते त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि विरोधकांचं अपील १८३२ ला लंडनमध्ये फेटाळलं गेलं तेव्हा तिथे हजर होते. मी बेंटिंकपर्यंत पोचलो आणि चिठ्ठी आली: "आवरा. लकी ड्रॉ."

प्रश्नोत्तरं ठेवू नका. लोक विचारतात.

रात्री मी दस्तातली ती तसबिरीची गोष्ट सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. सात मिनिटांत मला काढलं. भावना दुखावल्या म्हणे. कुणाच्या? फोटोच्या?

खरं सांगतो, तुम्हाला राममोहन नकोच होते. सती चालते, कारण तुमच्या घरात कुणी सती जात नाही. शास्त्रात असं आहे म्हणणाऱ्याला 'कुठे आहे, दाखवा' म्हणणारा माणूस तुम्हाला झेपत नाही. तो आज तुमच्या मीटिंगला आला असता तर वॉचमनला सांगून बाहेर काढला असतात, आणि वर मेन्टेनन्सची थकबाकी मागितली असतीत. वाचत काही नाही, वाचलेल्याला बोलू देत नाही, आणि हार घालायला पहिले! लाज वाटायला हवी.

सत्कारात मला जो नारळ दिलात, तो फोटोपुढचाच होता. कुंकू तरी पुसायचंत.