तो हट्ट नाही, मेंदूची इजा आहे

‘अर्धांगवायूनंतर माणूस डावीकडे बघत नसेल तर तो हट्ट करतोय. डोळे ठीक असतील तर रागवा. ताटातलं डावीकडचं तसंच राहू द्या, भूक लागली की दिसेल.’ हा मेसेज माझ्या मावशीपर्यंत पोहोचला आणि ती आजारी काकांवर ओरडू लागली. म्हणून हे लिहितोय.

डोळे ठीक असतात, हे बरेचदा खरं. पण त्यावरून हट्ट कसा ठरतो? उजव्या पॅरायटल लोबला, म्हणजे मेंदूच्या उजव्या अर्ध्यातल्या वरच्या-मागच्या भागाला, इजा झाली की बरेचदा डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही. ज्याची फक्त अर्धी नजर गेली आहे, तो मान वळवून बघायला शिकतो. इथे मान वळवावी हेच सुचत नाही, कारण काही राहून गेलंय असं त्या माणसाला वाटतच नाही.

१९७८ मध्ये बिसियाक आणि लुत्सात्ती या इटालियन संशोधकांनी मिलानच्या अशा रुग्णांना शहरातला कॅथेड्रलचा चौक मनात आणायला सांगितला. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहोत अशी कल्पना केली तेव्हा त्यांनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या, डावीकडच्या गाळल्या. मग कॅथेड्रलकडे पाठ केल्याची कल्पना करायला लावली, तर मघाशी गाळलेल्याच इमारती आता उजवीकडे येऊन धडाधड आठवल्या! समोर बघायला काहीच नव्हतं, आठवणही शाबूत होती. यात हट्ट कुठे बसतो, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं. अशा माणसाला उपाशी ठेवणं हा उपचार नव्हे, छळ आहे.

‘उजवा मेंदू कलेपुरता, व्यवहार अडत नाही’ हेही त्या मेसेजमध्ये आहे. सदऱ्याची डावी बाही राहून जाते, ओळ मधूनच वाचली जाते, चालताना डावा खांदा दाराला आपटतो. हा व्यवहार नाही तर काय?

मेसेजमधला ‘डावीकडून बोला’ हा सल्ला मात्र अर्धा बरोबर आहे. थेरपिस्टही लक्ष हळूहळू डावीकडे आणतात. पण रुग्ण जिथे बघतोय तिथून सुरुवात करून. आणि पाणी, मदतीची घंटा सुरुवातीला उजवीकडेच ठेवा. गरजेच्या वेळी त्याला ती सापडायला हवीत.