‘एक्स्टेन्शन ही आळशांची पळवाट’ या प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेतल्या छोट्या व्यावसायिकांच्या टॅक्स एक्स्टेन्शनवर, म्हणजे रिटर्न भरायच्या मुदतवाढीवर, मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणता, "ही आळशांची पळवाट आहे. तुमच्यासारखे लोक तिला खतपाणी घालून फी उकळतात. राज्यांच्या नियमांचा तर पत्ताच नाही." शेवटचा मुद्दा मान्य. राज्याराज्याचे नियम वेगळे असतात ही ओळ हवी होती, ती घालते.

पण ‘तुमच्यासारखे लोक’ ही काय बोलायची पद्धत झाली? कित्येक वर्षं मी छोट्या धंद्यांचीच रिटर्नं भरते आहे. मार्च उजाडला की काय समोर येतं ते मला विचारा. घरचा किराणा आणि दुकानाचा माल एकाच क्रेडिट कार्डावर, आणि कुठली रक्कम कशाची हे मालकिणीला आठवत नाही, कारण ती दिवसभर काउंटरवर उभी असते. तिला आळशी म्हणायचं? एखाद्या एस कॉर्पोरेशनचा (जिचा नफा मालकांच्या स्वतःच्या रिटर्नमध्ये जातो अशा कंपनीचा) एखाद्या भागीदारीत हिस्सा असतो आणि तिकडून के-१, म्हणजे नफ्यातला वाटा दाखवणारा फॉर्म, आलेलाच नसतो. तिच्या मालकाने १५ मार्चला, रिटर्नच्या शेवटच्या तारखेला, आकडे काय मनाने घालायचे? मुदतवाढीचा अर्ज, फॉर्म ७००४, वेळेत गेला की भागीदारीला आणि एस कॉर्पोरेशनला १५ सप्टेंबरपर्यंत मुदत आपोआप मिळते. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं करखातं, कारण विचारत नाही. तुम्ही मात्र आळशी ठरवून मोकळे झालात.

एका क्लायंटच्या आधीच्या हिशेबनिसाने हा फॉर्म पाठवलाच नाही. कंपनीला टॅक्स एक पैसा लागू नव्हता, तरी दंड बसला, कारण तो दर भागीदारामागे, दर महिन्याला लागतो. ती नोटीस हातात घेऊन माझ्यासमोर बसलेल्या माणसाला पळवाट म्हणजे काय ते सांगा.

मुदत रिटर्नची वाढते, पैशांची नाही, हे लेखात स्पष्ट आहे. तुम्ही तिथवर वाचलंत असं दिसत नाही. स्वतःच्या नावावर धंदा करणाऱ्याचे १०,००० डॉलर थकले आणि रिटर्नही नाही, तर दंड महिन्याला ५ टक्के, म्हणजे ५०० डॉलर. व्यक्तीसाठीचा मुदतवाढीचा फॉर्म ४८६८ वेळेत भरला असेल तर मुदतवाढीच्या काळात अर्धा टक्का, म्हणजे ५०. व्याज दोन्हीकडे. शिवाय सेप-आयआरए या निवृत्तीच्या खात्यात पैसे टाकायलाही वाढीव मुदत मिळते.

फीबद्दलच्या आरोपाला मी उत्तर देणार नाही. इतर वाचकांनी ७००४ ई-फाइल केल्यावर स्वीकारल्याची पोच मात्र जपून ठेवावी.