दोन्हींपैकी जे आधी होईल ते

गाडीचं ऑइल बदलायचंय, हे वाक्य चारचौघांत बोलू नये. गुडघा दुखतो म्हटल्यावर जितके डॉक्टर निघत नाहीत, तितके ऑइल म्हटल्यावर मेकॅनिक निघतात. एक म्हणतो, फुल सिंथेटिकशिवाय हात लावू नकोस. दुसरा शपथेवर सांगतो की जुन्या इंजिनाला सिंथेटिक मानवत नाही. तिसऱ्याकडे गाडीच नाही, पण त्याचंही मत ठाम असतं: "जाडच घाल, जाड तेल इंजिनाला धरून राहतं."

यातल्या एकानेही गाडीसोबत आलेलं हँडबुक उघडलेलं नसतं. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनी त्यात तेलाचा ग्रेड सरळ छापलेला असतो. पण छापलेलं वाचण्यात मजा काय?

मी मात्र वाचतो. आणि वाचलं की प्रश्न वाढतात. १०डब्ल्यू-३० घ्या. ठीक. पहिला आकडा गार इंजिन सुरू होताना तेल किती वाहतं राहील त्याचा, दुसरा १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा किती टिकेल त्याचा. म्हणजे १० आणि ३० हे अंश नाहीत, लिटर नाहीत आणि वॉरंटीचे महिने तर नाहीतच. मग डब्यावर एपीआयची, म्हणजे तेलाचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची अक्षरं. एसएल, एसएम, एसएन, आणि २०२० साली आलेलं एसपी. अक्षर जितकं पुढचं, तितकं तेल नवं. पुढचं चालतं, मागचं चालत नाही. आता एसएननंतर एसओ यायला हवं, पण ते गाळून गाडी थेट एसपीवर. त्याआधी एसआय आणि एसकेही असेच गाळले होते. शाळेत मी मुळाक्षरं अशी म्हटली असती, तर पालकांना बोलावून घेतलं असतं.

माझ्यासारख्या बाइकवाल्यांच्या नशिबी आणखी एक शिक्का असतो, जासो या जपानी मानक संस्थेचा. बाइकच्या डब्यावर एमए किंवा एमए२, स्कूटरच्या डब्यावर बहुधा एमबी. कारचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये ओतण्याची काटकसर ज्यांना सुचते, त्यांनी हा शिक्का दोनदा बघावा. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच तेलात बुडून बसलेला असतो आणि त्याला पकड लागते. घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेलं तेल त्याला मिळालं, की प्लेटा घसरू शकतात. मग ॲक्सिलरेटर पिळल्यावर इंजिन बोंबलतं आणि गाडी विचार करत बसते.

पण ग्रेडचं एकवेळ जमतं. खरा छळ पुढे आहे: बदलायचं कधी? हँडबुक म्हणतं, इतके किलोमीटर किंवा इतके महिने, दोन्हींपैकी जे आधी होईल ते. आणि खाली बारीक अक्षरांत, वापर खडतर असेल तर त्याहून लवकर. खडतर म्हणजे? मला वाटलं, डोंगरदऱ्या, वाळवंट, नदीपात्र. यादी निघाली अशी: जवळजवळच्या फेऱ्या, ट्रॅफिकमधली रखडपट्टी, धूळ, कडक ऊन, जड ओझं. म्हणजे भाजी आणायला जाणारा माणूस खडतर, आणि मोकळ्या रस्त्यावर तासन् तास सुसाट जाणारा नॉर्मल! वर याला कारणही चोख आहे. छोट्या फेरीत तेल पुरतं तापत नाही. त्यामुळे इंजिनात साचलेली पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल उडून न जाता तेलातच मुक्काम ठोकतं. थोडक्यात, जो गाडी कमी चालवतो त्याने तेल लवकर बदलायचं. यावर कोणाशी वाद घालणार?

मेकॅनिकला हँडबुक लागतच नाही. तो डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, बाहेर काढतो, फडक्याला पुसतो, परत बुडवतो, टोकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळतो आणि चेहरा पाडतो. "साहेब, पार काळं झालंय."

"दादा, काळं होणारच. त्यातली साफसफाईची द्रव्यं काजळी धरून ठेवतात, म्हणून तर इंजिन आतून स्वच्छ राहतं. दुधट दिसलं तर सांगा, पाणी शिरलं असेल."

तो माझ्याकडे असा बघतो, जसा मी गाडी आणली नसून परीक्षा घ्यायला आलोय. मग शांतपणे गाडी साइड स्टँडवरून मेन स्टँडवर घेतो. कलंडलेल्या गाडीत पातळी चुकीची दिसते, हे त्यालाही ठाऊक असतं. फक्त माझ्यासमोर त्याला ते आठवायला वेळ लागतो.

शेवटचा तंटा उरलेल्या तेलाचा. माझ्या इंजिनाला डबाभर तेल लागत नाही, तळाला थोडं उरतं. "ठेवून काय करणार? ओततो की," असं म्हणून तो डबा उपडा करायला लागतो आणि मी त्याचं मनगट धरतो. पातळी फार वर गेली की इंजिनातला फिरता दांडा, म्हणजे क्रँक, तेल घुसळतो, त्याचा फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही. हे मी त्याला दरवेळी सांगतो, आणि दरवेळी तो पहिल्यांदाच ऐकतो.

त्यामुळे घरी तळाशी थोडंथोडं तेल असलेले डबे साठलेत. ते मी दारांच्या बिजागऱ्यांना घालतो. आता घरातलं एकही दार करकरत नाही. बिजागऱ्यांचं ऑइल किती महिन्यांनी बदलायचं, हे हँडबुकात दिलेलं नाही. मी बघितलं.