त्यांना हात धरू द्या

आज दुपारी बेळगावच्या वडगावात एका कार्यक्रमाला गेले होते. नात्यातल्या काका-काकूंच्या लग्नाला 50 वर्षं झाली. हार घातले, केक कापला, फोटो झाले. स्टेजवरून उतरताना काकांनी काकूंचा हात धरला. पायऱ्या थोड्याच, पण काकूंचे गुडघे किती दुखतात हे त्यांना ठाऊक. तेवढ्यात खालून पोरांनी शिट्ट्या मारल्या. एक जण ओरडला, "काय ओ काका, गोव्याला चाललासा काय?" अख्खं कार्यालय हसलं. काकूंनी हात सोडवून घेतला आणि कठडा धरून एकट्याच उतरल्या.

माझा राग अजून उतरलेला नाही.

आमच्याकडं नवरा-बायकोला भांडायला पूर्ण परवानगी आहे. चारचौघांत बायकोवर खेकसलं तर कोणी मान वर करून बघत नाही. मायेनं बोललं की मात्र लगेच बायकोच्या ताटाखालचं मांजर! आणि हसणारी ती पोरं तेवढी वाईट असंही नाही, त्यांच्या आया पण पदर तोंडाला लावून हसत होत्या.

माझं आजोळ खानापूर तालुक्यातलं. रात्रीची जेवणं झाली, की आजोबा अडकित्ता घेऊन पडवीत बसायचे. भांडी आवरून आजी शेजारी येऊन बसायची. मग दोघांचं बोलणं सुरू. भात पोटरीला आला काय, म्हैस दूध का चोरायला लागली, कुणाची सोयरीक कुठं जमली. आम्ही पोरं मध्ये लुडबुडलो की आजोबा म्हणायचे, "जावा आत, आमचं बोलणं चाललंय." माम्या आत कुजबुजायच्या, या वयात काय एवढं गुलूगुलू! आजोबांनी कधी पर्वा केली नाही. 1986 साली कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात पाठीवर लाठ्या खाऊन आले, त्या रात्री आजी हळद-तेल लावत होती आणि बोलणं चालूच होतं.

आता आपली घरं बघा. सिलिंडर संपला, फी भरायची आहे, ट्यूशनला कोण सोडणार. एवढंच. नवरा उद्यमबागेत फौंड्रीत पाळी करून येतो, नाहीतर पुण्याहून शनिवारी बसनं येतो, आणि आल्यावर मोबाईल घेऊन आडवा होतो. बायको टीव्हीसमोर. भांडण नाही म्हणून संसार चांगला चाललाय असं सगळ्यांना वाटतं.

अमेरिकेत जॉन गॉटमन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी नवपरिणीत जोडप्यांचं बोलणं-वागणं टिपलं आणि सहा वर्षांनी परत पाहिलं. ज्यांचे संसार टिकले ती माणसं जोडीदाराच्या बारीकसारीक हाकेला 100 पैकी 86 वेळा ओ देत होती. ज्यांचे मोडले ती 33 वेळा. मला हे पडवीतच कळलं होतं. आजी नुसतं म्हणायची, "वारं फिरलंय ओ." आजोबा अडकित्ता थांबवून आभाळाकडं बघायचे.

मान्य, शहापूर-वडगावात दोन खोल्यांत सहा माणसं राहतात, शेजारी मागाचा खडखडाट. एकांत आणायचा कुठून? हेही मान्य की तोंडातून चकार शब्द न काढता जन्मभर जीव लावणारी माणसं आहेत. आणि जिथं मारझोड आहे तिथं मी हे सांगतच नाही, तिथं बाईनं आधी सुखरूप बाहेर पडावं.

पण बाकीच्यांचं काय? मैत्रिणींनो, स्पष्ट लिहिते, लाजू नका. पोरगी दहावीला गेली की आई तिच्या सोबतीला म्हणून तिच्या खोलीत झोपायला जाते आणि परत येतच नाही. पाळी जायच्या वयात अंग कोरडं पडतं, जवळीक दुखते, हे कोणी नवऱ्याला सांगत नाही. त्याला वाटतं ही टाळते. त्याला मधुमेह, रक्तदाब असला तर त्याचेही प्रश्न असतात, तो ते मित्रालासुद्धा सांगणार नाही. हिला वाटतं माझ्यावरचं मन उडालं. दोघं एकाच घरात वर्षानुवर्षं गैरसमज उराशी धरून झोपतात. अरे, याला औषधं आहेत, डॉक्टर आहेत! गुडघ्यासाठी जाता तसं याच्यासाठी पण जावा, आणि दोघं मिळून जावा.

आजोबा गेल्यावर आजी पडवीत त्याच वेळेला येऊन बसायची. मी एकदा शेजारी जाऊन बसले, तर म्हणाली, "बस की. पण तुला भातातलं काय कळतंय?" तेव्हा मला हसू आलं होतं. आज लिहिताना डोळे भरून आलेत.

पुढच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका जोडप्याचा पन्नासावा आहे. नेहमीसारखी पुरुषांची पंगत वेगळी, बायकांची वेगळी असं नको, त्या दोघांची पानं शेजारी शेजारी मांडा, असं मी आजच सांगून आलेय. कुणाला पटत नसेल तर मला फोन करा. त्या दोघांना एक अक्षर बोलायचं नाही.